अक्षर येते, पण राहते का?

मुरुड म्हटले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. आमचे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले, कर्द्याच्या शेजारचे. नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचे देऊळ, लांबलचक किनारा, आणि अलीकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या. पाहुण्यांना डॉल्फिन पाहायचे असतात, सोलकढी प्यायची असते. त्यांतले काही जण महर्षी कर्व्यांच्या स्मारकापाशी थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यांना दोष देत नाही. महर्षी कर्वे म्हणजे विधवाविवाह, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ, एवढे सगळ्यांनाच माहीत असते. आम्हीही शाळेत तेवढेच शिकवले.

मला आज त्यांच्या आयुष्यातल्या एका कमी सांगितल्या जाणाऱ्या प्रकरणाविषयी लिहायचे आहे. त्याला कारण आहे. मी निवृत्त शिक्षिका. गेली काही वर्षे प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवणाऱ्या इथल्या एका छोट्या मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. मंडळाचे नाव महत्त्वाचे नाही, अशी मंडळे पुष्कळ ठिकाणी आहेत. कार्यकारिणी म्हटले की लोकांना काहीतरी मोठे वाटते. प्रत्यक्षात काम काय, तर कोरम भरतो का ते पाहायचे, इतिवृत्त लिहायचे, वर्षाचा हिशेब तपासून घ्यायचा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट वेळेवर गेला का याची चौकशी करायची, आणि वर्गातली ट्यूबलाइट गेली की ती कोण आणणार यावर चर्चा करायची. पण असे काम करायला लागल्यावर मी कर्व्यांचे चरित्र पुन्हा वाचले आणि या वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबले. पूर्वी मी समाजसुधारक कर्वे वाचत होते. आता समितीचे चिटणीस कर्वे वाचू लागले.

सुरुवात मुरुडातूनच करू. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. बालपण मुरुडला गेले. इथल्या मराठी शाळेत सोमण गुरुजी होते. शाळेबाहेरही गावाचे काही भले व्हावे असे वाटणारे गृहस्थ. त्यांनी या बुजऱ्या मुलाला एक काम लावले. देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. आपण सार्वजनिक कामाचे पहिले धडे सोमण गुरुजींकडे गिरवले, असे कर्वे पुढे मानत.

आता हे दृश्य जरा नीट पाहा. देवळात बसलेल्या कितीतरी माणसांना अक्षरओळख नव्हती. जनगणनेच्या कागदावर ती निरक्षरच. पण वर्तमानपत्रात काय आहे ते त्यांना कळत होते, त्यावर ती बोलत होती, वाद घालत होती. आणि वाचणाऱ्या पोरालाही कळत होते की आपण वाचतो ते आपल्या एकट्यापुरते नाही. मी छत्तीस वर्षे मुलांना प्रकट वाचन शिकवले, तास संपला की पुस्तक मिटायचे. वाचून दाखवणे हे गावाचे काम असू शकते, ही कल्पना त्या देवळात होती.

शिक्षणासाठी या मुलाने काय सोसले ते बहुतेकांना ठाऊक आहे. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी तो मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. शंभरावर मैल, पावसाचे दिवस, मध्ये सह्याद्री. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी सांगितले की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. आला तसा परतला. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. आज तेविसाव्या वर्षी दहावी होणाऱ्याला आपण काय म्हणतो? वय उलटून गेलेला. माणसाचे शिकण्याचे वय कधी संपते याविषयी कर्व्यांचे मत पुस्तकातून आलेले नव्हते.

पुढे ते मत घरातच पक्के झाले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. विशी ओलांडल्यावर त्या भावाकडे मुंबईला आल्या आणि शिकू लागल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांचेही तसेच. वैधव्यानंतर शिक्षण, मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणे, आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी १९१८ मध्ये थेट अमेरिका. देवरुखच्या दोन बहिणी, दोघी मोठेपणी शिकलेल्या, आणि दोघींनीही आत्मचरित्र लिहिले. ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द सरकारी फायलीत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मुरुडने मात्र त्या विवाहाला उत्तर दिले ते बहिष्काराने. यात एक गोष्ट मनाला टोचते. १८८६ मध्ये, मुंबईत स्वतःचे बस्तान नीट बसायच्या आधीच, कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता. गावाबाहेर नोकरीधंदा करणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी कल्पना. आणि सात वर्षांनी त्याच गावाने ठराव केला की या माणसाशी संबंध ठेवायचा नाही. घरच्या माणसांनाही त्याची झळ बसली. सार्वजनिक कामात असलेल्या कुणालाही हे वाचून वाटेल की आता हा माणूस गावाचे नाव काढणार नाही. पण पुढच्या आयुष्यात त्यांनी ज्या संस्था काढल्या त्यांत मुरुड फंडाचीच पद्धत दिसते. थोडे थोडे, पुष्कळांकडून, नियमित, आणि पै-पैचा हिशेब. आश्रमासाठी असो की विद्यापीठासाठी, ते दारोदार हिंडले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी जाहीर झाली, त्यानंतरही हिंडणे थांबले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. १९३६ साली कर्वे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. (माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. म्हणून हा आकडा मला फारच जवळचा वाटतो!) त्या वर्षी त्यांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. त्यांना पेन्शन होते महिन्याला ७० रुपये. त्यातले १५ त्यांनी या कामाला द्यायला सुरुवात केली आणि बाकीच्या पैशांसाठी पुन्हा पायी फिरू लागले. पुण्याच्या रस्त्यांवरून एक म्हातारा छत्री घेऊन घराघरांतून आणे-रुपये गोळा करतो आहे, कशासाठी, तर दूरच्या कुठल्यातरी वाडीत शाळा हवी म्हणून. अशा चाळीसच्या आसपास शाळा निघाल्या.

पण मंडळाचे आणखी एक उद्दिष्ट होते आणि माझा सगळा लेख खरे तर त्या एका उद्दिष्टासाठी आहे. ज्यांना अक्षरओळख झाली आहे अशा खेड्यातल्या प्रौढांची वाचनाची सवय टिकावी, यासाठीही काम करायचे होते. शाळा काढणे हे पहिले कलम. शिकलेले टिकवणे हे दुसरे. पहिले कलम सगळ्यांना समजते, त्याचे फोटो निघतात, उद्घाटन होते. दुसऱ्या कलमाचे उद्घाटन करता येत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रौढ शिक्षणाचा इतिहास मी जेवढा वाचला आणि थोडा जगले, त्यात हे दुसरे कलमच पुन्हा पुन्हा मागे राहिलेले दिसते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून माणसे दिव्याच्या उजेडात बसत. पुढे १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. खेर मूळचे आपल्या रत्नागिरीचेच. त्यांच्या काळात प्रौढ शिक्षणाला सरकारी पाठबळ मिळाले. १९३९ मध्ये मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली आणि तिच्यातून शहराची प्रौढ शिक्षण समिती उभी राहिली. गिरणगावातल्या चाळींतून वर्ग भरू लागले. त्या चाळींत राहत कोण होते? आमचेच चाकरमानी. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वरचे.

मग १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत राज्यभर पसरली. शिक्षक आणि गावातली शिकलेली माणसे बिनमोल शिकवायची, गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ‘ग्रामगौरव’ समारंभ व्हायचा. मिरवणूक, शपथ, भाषणे. मी तेव्हा लहान होते, पण त्या मोहिमेतला उत्साह खरा होता हे मी मोठ्यांच्या तोंडून कितीदा ऐकले आहे. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, तिकडे क्यूबात शहरातली शाळकरी मुले कंदील घेऊन खेड्यांत गेली आणि वर्षभरात सात लाखांवर माणसांना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले. म्हणजे हवाच तशी होती.

त्यानंतर २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक साक्षर करायचे होते. केंद्रावर तीस शिकणारे, एक कंदील, एक फळा, आणि शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मानधन. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि जवळच्या एका वाडीतल्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा मदतीला जात असे. तिथे एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. मला म्हणाल्या, “बाय, आमचा गाव साक्षर झालेला हाय. मोटा समारंब झालता.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आणि मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून मुलाचे पत्र काढून माझ्या हातात दिले. “वाचून दाव.”

त्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्या खरोखर शिकल्या होत्या. नाव लिहीत होत्या, धडा वाचत होत्या. पण समारंभ झाला, शिकवणारे गेले, आणि मग पंधरा वर्षांत त्यांच्या हातात छापील कागद आला असेल तर तो वाण्याच्या पुडीचा. अक्षर म्हणजे पोहणे नव्हे, एकदा आले की जन्मभराचे. ते आमच्या आगरातल्या पाटासारखे आहे. पाणी सोडणे थांबले की गाळ भरतो, गवत माजते, आणि दोन पावसाळ्यांनी इथे पाट होता हेही कळत नाही.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. या वेळी अभ्यास अधिक होता. प्रवेशिका तीन भागांत, पुस्तकातच सराव आणि पुस्तकातच चाचणी. केरळमधला एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये संपूर्ण साक्षर जाहीर झाला आणि सगळ्या देशात संपूर्ण साक्षरता मोहिमांची लाट आली. आपल्याकडे वर्धा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात आधी उतरले. (सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, त्यामुळे आम्हाला अभिमान आणि थोडी असूया, दोन्ही!) कलापथके गावोगाव फिरली. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरता वर्गाच्या धड्यात दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. ती वाचून बायका बोलू लागल्या, उठल्या, आणि त्यांनी गावातले दारूचे दुकान बंद पाडले. १९९२ मध्ये ते आंदोलन राज्यभर पसरले. अक्षराने काय होते असे कुणी विचारले तर मी दुबगुंटाचे नाव सांगते. पण तिथेही नुसते अक्षर नव्हते. बायका रोज एकत्र बसत होत्या, हे अर्धे उत्तर आहे.

आता आमच्या कोकणाची एक वेगळी गोष्ट. इथे बाईचे आणि अक्षराचे नाते जुळले ते मनीऑर्डरीने. पुरुष मुंबईला, बायका गावाला. आजही बायकांचे प्रमाण इथे जास्तच आहे, २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पोस्टमन यायचा, मनीऑर्डरीच्या कागदावर शाईचा अंगठा उठवून घ्यायचा, साक्षीदाराची सही लागायची, आणि खालच्या चिटोऱ्यावर नवऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी तोच वाचून दाखवायचा. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या दोन ओळी, सगळ्या खळ्यासमोर! वर्गाला येणाऱ्या बायकांना मी वर्षानुवर्षे विचारत आले की का शिकायचे आहे. “बसची पाटी वाचायला” असे काही म्हणतात, “पोरांचा अभ्यास घ्यायला” असे काही म्हणतात. पण जुन्या बायकांचे उत्तर ठरलेले असे, “अंगठा नको.” अंगठा ही लाज होती. सही ही अब्रू.

आणि आता गंमत बघा. आता पैसे थेट खात्यावर येतात. पोस्टमन किंवा बँकेचा माणूस छोटे यंत्र घेऊन दारात येतो. आणि ते यंत्र काय मागते? अंगठा! शाई तेवढी गेली. आमच्या वर्गातल्या एक आजी सहा महिने खपून सही शिकल्या. पहिल्यांदा पैसे काढायला गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, “बाई, सही शिकलाव नि परत आंगठाच!” सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. पण पुढच्या आठवड्यात त्या वर्गाला आल्या नाहीत.

हाच प्रश्न घेऊन आमच्या कार्यकारिणीत वाद झाला. वाद म्हणजे भांडण नव्हे, पण बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. कारण असे. २०२२ मध्ये केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आला, त्याला ‘उल्लास’ म्हणतात. पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी. त्याची परीक्षा आपल्या राज्यात १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. आमच्या वर्गातल्या बायका बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर वर्गाची हजेरी उतरत गेली. खजिनदार भाऊंनी मांडले, “बाई, उद्दिष्ट पूर्ण झालं. त्या साक्षर झाल्या, सरकारचं प्रमाणपत्र आहे. आता सात जणींसाठी वर्षाचं व्याज खर्च करण्यापेक्षा दहावीच्या मुलांना बक्षिसं देऊ. नाहीतर वर्गाची खोली नीट करून घेऊ. वर्गणी देणाऱ्यांना काहीतरी दिसायला हवं.” एका तरुण सभासदाने जोड दिली की फोनच बोलतो आता, बायका बोलून निरोप पाठवतात, व्हिडिओ पाहतात, वाचायची गरज कुठे उरली?

हे म्हणणे वेडगळ नव्हते. भाऊ पैसे सांभाळणारे आहेत आणि सार्वजनिक पैसा सांभाळणाऱ्याने असे प्रश्न विचारायलाच हवेत. फोनचा मुद्दाही खरा आहे. देवळात वर्तमानपत्र ऐकणारे मुरुडकर निरक्षर असून जगाशी जोडलेले होते, असे मीच वर लिहिले. मग फोन ऐकणाऱ्या बाईचे काय बिघडले?

मी थोडा विचार केला आणि मला जो फरक वाटला तो बैठकीत सांगितला. देवळात वाचणारा पोरगा गावातला होता. त्याने चुकीचे वाचले तर दुसरे दिवशी त्याला विचारता येत होते. कुणीतरी वाचणारा बाजूला बसलेला असे, तो कागद हातात घेऊन खात्री करू शकत होता. फोनमधला आवाज कुणाचा ते माहीत नसते. बँकेतून बोलतोय म्हणून आकडा मागणारा आवाज, स्वस्त कर्ज देतो म्हणणारा आवाज, गुणकारी औषध सांगणारा आवाज. यंत्रावर अंगठा ठेवला की हजार निघाले की दोन हजार, हे सांगणारी पावती छापील असते. ऐकून कळते, पण पडताळून पाहायला वाचावे लागते. पूर्वी सही ही अब्रूसाठी हवी होती. आता वाचन हवे आहे ते राखणीसाठी.

अण्णा अध्यक्ष आहेत, ते कमी बोलतात. त्यांनी विचारले, “बाई, मग प्रमाणपत्रानंतर काय शिकवायचं?” मी म्हटले, शिकवायचे काही नाही, वाचायचे. आणि त्यांना १९३६ च्या मंडळाचे ते दुसरे उद्दिष्ट सांगितले. आपल्याच गावच्या माणसाने ते नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, तेही अशा वयात की जेव्हा आपण दुसऱ्याला काम सांगून मोकळे होतो.

मत घेतले तेव्हा पाच विरुद्ध तीन असे झाले. वर्ग एक वर्ष चालू ठेवायचा, पण त्याचे रूप बदलायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळ. धडे नाहीत. वर्तमानपत्र, विजेचे बिल, रेशनच्या पावत्या, एसटीचे वेळापत्रक, औषधाच्या पुड्यांवरची तारीख, बचतगटाचे पासबुक. प्रत्येकीने चार ओळी मोठ्याने वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या आणि अडवायच्या. भाऊंनी विरोधी मत दिले होते, पण ठराव झाल्यावर जाड अक्षरातले वर्तमानपत्र कुठले परवडते याची चौकशी त्यांनीच केली. समितीतला माणूस म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. मतभेद नोंदवावा आणि मग झालेल्या ठरावाला खांदा द्यावा.

आणखी एक गोष्ट झाली, ती आमच्या डोक्यात नव्हती. आता आमच्या भागातल्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे असतात. त्यांच्यातल्या दोघी बायका वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांची लिपी आपलीच, देवनागरी. एकीला अक्षरे येतात पण मराठी शब्द लागत नाहीत, दुसरीला अक्षरच येत नाही. मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, मास्तर वहीत काय लिहून देतात ते तिला कळत नाही. म्हणजे निरक्षरता संपली म्हणून आम्ही खोली बंद करणार होतो, तेव्हा ती दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या देशातून कामाला येऊन आमच्याच वाडीत राहत होती. एखादा जिल्हा किंवा राज्य पूर्ण साक्षर जाहीर होते (गोव्याने २०२५ मध्ये तसे जाहीर केले) तेव्हा मला आनंदच होतो. पण गाव म्हणजे काही बंद डबा नव्हे. माणसे येतात, जातात, म्हातारी होतात, डोळे अधू होतात, विसरतात.

या वर्षीच्या सर्वसाधारण सभेचे एक सांगते. आमच्याकडे जमाखर्चाचे पत्रक छापून वाटतात. इतकी वर्षे ते घडी घालून पिशवीत जात होते. या वेळी मागच्या रांगेतून एका आजींनी हात वर केला. चष्मा कपाळावर सरकवला, पत्रकावर बोट ठेवले आणि एकेक अक्षर जोडत वाचले, “इ-त-र ख-र्च.” मग विचारले, “हा इतर खर्च म्हंजे कसला ओ भाऊ?”

सभेत शांतता. भाऊ उठले, चोपडी उघडली आणि झेरॉक्स, रिक्षाभाडे, चहा असे एकेक वाचून दाखवले. चहाची रक्कम ऐकून आजी म्हणाल्या, “चाय जरा जास्तीच झाली.” सगळे हसले, पण इतिवृत्तात मी तो प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही नीट लिहिले. पुढच्या वर्षीपासून ‘इतर खर्च’ असे मोघम लिहायचे नाही, तपशील द्यायचा, असा ठरावही झाला. ठराव मांडला भाऊंनीच.

कर्वे हिशेबाला फार काटेकोर होते. लोकांकडून आलेल्या पैशाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे, ही त्यांची मुरुड फंडापासूनची शिस्त. पण हिशेब देण्याला अर्थ येतो तो कुणीतरी वाचणारा असला तर. नाहीतर छापलेले पत्रक आणि वाण्याची पुडी यांत फरक काय?

एका वर्षाची मुदत संपत आली आहे. पुढच्या बैठकीत विषय पुन्हा निघेल, आणि निघायलाच हवा. हजेरी फार वाढलेली नाही. अकरा जणी येतात, पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तीन. ‘परत आंगठाच’ म्हणून गेलेल्या आजी अजून आलेल्या नाहीत. मी एक-दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले, पुन्हा जाईन. या वेळी त्यांच्या पासबुकातली शेवटची नोंद त्यांनाच वाचायला सांगणार आहे.

तोवर एक काम आहे. मोठ्या ठशातली, लहान वाक्यांची, पण लहान मुलांसाठी नसलेली मराठी पुस्तके आम्हाला हवी आहेत. साठीच्या बाईला ससा-कासव वाचायला देणे बरे दिसत नाही. तिने दोन्ही पाहिलेले असतात. अशी पुस्तके तुमच्या पाहण्यात असतील तर नावे टिपून ठेवा. आमच्या कपाटात एक खण रिकामा आहे.